ऊस तुटला तरी काम सुरूच : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पेशीतली ऊर्जा, चयापचय आणि एन्झाइम (पाठ्यपुस्तकातली विकरे, म्हणजे रासायनिक क्रियांना वेग देणारी प्रथिने) या विषयावर प्रश्न मागवले, तेव्हा अभ्यासक्रमातलेच प्रश्न येतील असे वाटले होते. आले ते गुऱ्हाळातून, तालमीतून आणि मटणाच्या पातेल्यातून. कोल्हापूरकरांकडून वेगळी अपेक्षा ठेवायलाच नको होती.

प्रश्न : आमचे घरचे गुऱ्हाळ आहे. मजूर नसल्याने तोडलेला ऊस तीन दिवस फडात पडून राहिला. रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स २० वरून २२ झाल्याचे दिसले, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण गूळ बसलाच नाही, रवा चिकट राहिला. ब्रिक्स वाढूनही असे का? चुना कमी पडला का?
(करवीर तालुका)

चुन्याचे नंतर बघू. आधी ब्रिक्सवरचा विश्वास जरा कमी करा. ब्रिक्स म्हणजे साखर नव्हे. रसात विरघळलेल्या सगळ्या पदार्थांचे ते एकत्रित माप आहे. तोडलेला ऊस वाळतो, पाणी उडते आणि रस दाट होतो. त्यामुळे आकडा चढतो.

शिवाय आणखी एक गंमत आहे. उसातली साखर म्हणजे सुक्रोज, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. ही जोडी फुटताना पाण्याचा एक रेणू आत घेतला जातो. ३४२ ग्रॅम सुक्रोज फुटले की १८ ग्रॅम पाणी धरून ३६० ग्रॅम ग्लुकोज-फ्रुक्टोज तयार होते. म्हणजे गुळाला हवी ती साखर घटत असताना विरघळलेला ऐवज मात्र वाढतो. तुमचा २२ हा आकडा आनंदाचा नव्हता, इशाऱ्याचा होता.

ही जोडी फोडणारे एन्झाइम म्हणजे इन्व्हर्टेज. उसाच्या कोवळ्या शेंड्यात ते भरपूर असते, कारण वाढणाऱ्या भागाला साठवणीची साखर नको असते, लगेच वापरता येईल असे ग्लुकोज हवे असते. पक्व कांड्यांत त्याचे प्रमाण कमी असते, म्हणून तिथे साखर टिकते. ऊस तुटला की मुळाचे पाणी बंद आणि पानांतून येणारी नवी साखर बंद. पण कांड्यातल्या पेशी लगेच मरत नाहीत. त्यांचे श्वसन चालूच राहते आणि त्या घरातला साठा मोडून खाऊ लागतात. इन्व्हर्टेजचा जोर वाढतो. उन्हात हे सगळे आणखी वेगाने होते.

दुसरा चोर बाहेरून येतो. कापलेल्या टोकातून ल्युकोनॉस्टॉक नावाचे जिवाणू आत शिरतात. त्यांचे एन्झाइम सुक्रोजमधले ग्लुकोज काढून त्याची लांबच लांब साखळी ओवते. ते डेक्स्ट्रान. रस बोटांत धरला तर बुळबुळीत लागतो, तार येते, काहिलीत मळी नीट वर येत नाही. उसाचे जितके तुकडे जास्त, तितकी उघडी टोके जास्त. म्हणून यंत्राने कांड्या करून तोडलेला ऊस आणि जळीत ऊस सगळ्यांत आधी बिघडतो.

ग्लुकोज-फ्रुक्टोज सहजी खडे धरत नाहीत, हवेतले पाणी मात्र ओढतात आणि उरलेल्या सुक्रोजच्या स्फटिकांनाही नीट जमू देत नाहीत. म्हणून रवा चिकट.

आता चुना. रस तापू लागला की ७० अंशांच्या आसपास इन्व्हर्टेज निकामी होते. पण तिथून पुढे तेच काम रसातले आम्ल करते, त्याला एन्झाइमची गरज नसते. ताज्या रसाचा सामू (पीएच; जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.२ ते ५.५ असतो, शिळ्या उसाचा त्याहून खाली. चुन्याच्या निवळीने तो ६ ते ६.५ पर्यंत आणला की उकळताना होणारी फूट आटोक्यात राहते. मात्र आधीच फुटलेली साखर चुन्याने परत जुळत नाही. उलट सामू ७ च्या वर गेला की तेच ग्लुकोज-फ्रुक्टोज काळवंडतात. शिळ्या उसाला भसाभस चुना घातला तर गूळ चिकट तर राहतोच, वर काळाही होतो. अंदाजावर जाण्यापेक्षा सामू मोजायच्या कागदी पट्ट्या गुऱ्हाळात ठेवा, त्या स्वस्त असतात.

काहिलीला पुरेल तेवढाच ऊस तोडा आणि २४ तासांच्या आत गाळा. उन्हाळ्यात १२ तास धरा. वाढे काढताना वरची कोवळी कांडी मोहापायी ठेवू नका. ऊस ठेवावाच लागला तर अख्खा, सावलीत, वर पाचट टाकून आणि पाणी शिंपडून ठेवा. चरक आणि रसाची टाकी रोज रात्री गरम पाण्याने धुवा, नाहीतर कालचे जिवाणू आजच्या रसाला विरजण लावतात.

आणि ऊस शिळा झालाच, तर रव्याच्या मागे लागू नका. घट्ट गुळासाठी रस ११८ ते १२० अंशांपर्यंत न्यावा लागतो. त्याऐवजी १०५-१०६ अंशांवर काहील उतरवा आणि काकवी करा. काकवीत खडे धरू नयेत अशीच अपेक्षा असते, त्यामुळे जे फुटलेल्या साखरेने रव्यात बिघडवले, तेच इथे उपयोगी पडते.

प्रश्न : वांगी विळीवर चिरली की लगेच काळी पडतात, स्टीलच्या सुरीने कमी. का?
(राजारामपुरी)

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वांग्यात फिनॉल गटातले पदार्थ पेशीतल्या एका कप्प्यात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे तांबेयुक्त एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात असते. अख्ख्या वांग्यात त्यांची गाठच पडत नाही. पाते फिरले की कप्पे फुटतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि तपकिरी रंग तयार होतो. कच्ची केळी, बटाटा, सफरचंद आणि रसवंतीतला उसाचा रस यांचेही हेच होते. रसात लिंबू पिळतात ते केवळ चवीला नव्हे. आम्लाने एन्झाइम मंदावते आणि क जीवनसत्त्व तयार होणारा रंग मागे फिरवते. विळीचे प्रकरण मात्र निराळे आहे. साध्या लोखंडाचा अंश त्याच फिनॉलशी जुळून निळसर काळा रंग देतो, त्यात एन्झाइमचा हात नाही. फोडी मिठाच्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा. तरंगणारी फोड वरच्या बाजूने काळी पडणारच.

प्रश्न : मटण लवकर शिजावे म्हणून कच्च्या पपईचा गर लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले. वरून लगदा झाला, आत मात्र चिवटच. पांढरा रस्साही पातळ लागला.
(गडहिंग्लज)

कच्च्या पपईच्या चिकात पपेन असते. ते प्रथिनांच्या साखळ्या कापते. पचनासाठी आपले जठर जे करते तेच काम, फक्त पातेल्यात. पण त्याला थांबायचे कळत नाही आणि आत शिरणेही जमत नाही. पपेन स्वतः एक मोठे प्रथिन असल्याने मांसात काही मिलिमीटरच झिरपते. म्हणून रात्रभरात वरचा थर भुगा झाला आणि मधला भाग जिथल्या तिथे राहिला. फ्रीजमध्ये त्याचा वेग मंदावतो, काम बंद होत नाही.

त्याची खरी कामगिरी पातेले चुलीवर चढवल्यावर असते. ५० ते ७० अंशांच्या टप्प्यात पपेन फार जोरात चालते, त्यापुढे तापले की त्याचीच घडी उसवते आणि काम थांबते. थेट कुकरला लावले तर हा टप्पा झटकन निघून जातो, मंद आचेवर तो रेंगाळतो. एक किलो मटणाला सालीसकट वाटलेल्या कच्च्या पपईचे दोन मोठे चमचे पुरेत. तुकड्यांना काट्याने टोचा म्हणजे गर जरा आत पोचेल, आणि ३० ते ४५ मिनिटांच्या वर ठेवू नका. पिकलेली पपई चालणार नाही, तिच्यात चीक उरलेलाच नसतो.

पांढऱ्या रश्श्याला मात्र पपई लावूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. अळणी पाण्याला, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्याला, जो ओठांना चिकटणारा दाटपणा येतो, तो हाडांजवळच्या आणि पडद्यांतल्या कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे जिलेटीन झाल्यामुळे. त्याला एन्झाइम लागत नाही, लागतो तो मंद उकळीचा वेळ. पपेन जिलेटीनही कापून टाकते. मग नारळाचे दूध, खसखस कितीही घाला, रस्सा अंग धरत नाही. मटण जून असेल तर अळणी वेगळे शिजवा आणि पपई फक्त सुक्क्याच्या तुकड्यांना लावा.

प्रश्न : एका ग्लुकोजपासून किती एटीपी मिळतात? आमच्या घरातल्या जुन्या पुस्तकात ३८ आहे, क्लासमध्ये ३६ सांगितले, एका नव्या पुस्तकात ३० किंवा ३२. नक्की कोणते लिहायचे?
(बारावी, शाहूपुरी)

एटीपी म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, आणि पेशीत प्रत्यक्ष जेवढे मिळते त्याच्या जवळचे उत्तर ३० किंवा ३२. जुना आकडा कोणी खोटा दिलेला नव्हता, तो पूर्णांकांत मोजलेला होता.

ग्लुकोज पेशीत शिरल्यावर आधी ग्लायकोलिसिस होते, म्हणजे ते फुटून पायरुवेटचे दोन रेणू होतात. त्यातून थेट २ एटीपी आणि २ एनएडीएच (इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू, पुढे येणारे एफएडीएच२ही तसेच) मिळतात. मग पायरुवेटपासून ॲसिटिल को-ए बनताना आणखी २ एनएडीएच. क्रेब्ज चक्राच्या दोन फेऱ्यांत ६ एनएडीएच, २ एफएडीएच२ आणि २ जीटीपी, म्हणजे हिशेबाला २ एटीपीच. गोळाबेरीज : थेट ४ एटीपी, १० एनएडीएच, २ एफएडीएच२. इथपर्यंत कुणाचे भांडण नाही.

भांडण पुढे आहे. एनएडीएच म्हणजे नगद नव्हे, हुंडी. ती तंतुकणिकेच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराच्या, आतल्या पटलावर वटवली जाते. पूर्वी एका एनएडीएचचे ३ आणि एफएडीएच२ चे २ एटीपी धरत. ३० + ४ + ४ = ३८. हे असे पूर्णांकी का असावे, याचे उत्तर मात्र कुणाकडे नव्हते. रसायनशास्त्रात अर्धा रेणू तयार होत नाही, म्हणून पूर्णांक धरले गेले इतकेच.

१९६१ साली ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिशेल यांनी वेगळाच विचार मांडला. इलेक्ट्रॉनांच्या उताराची ऊर्जा थेट एटीपीत जात नाही. आधी तिच्या जोरावर प्रोटॉन पटलाच्या पलीकडे उपसले जातात. पलीकडे साठा झाला की ते एटीपी सिंथेज नावाच्या एन्झाइममधून परत आत घुसतात आणि त्याला गरागरा फिरवतात. राधानगरीच्या धरणावरचे वीजघर डोळ्यांसमोर आणा. पाणी अडवलेले आहे म्हणून त्याला किंमत. भिंतीला भगदाड पडले तर पाणी तेवढेच वाहील, वीज मात्र शून्य. मिशेल यांना १९७८ मध्ये नोबेल मिळाले. फिरण्याने एटीपी कसा बनतो हे उलगडण्यासाठी पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ मध्ये मिळाले.

एकदा धरणाचा हिशेब मान्य केला की अपूर्णांकाची अडचण उरत नाही. एका एनएडीएचमागे सुमारे १० प्रोटॉन उपसले जातात, एफएडीएच२ मागे ६. एक एटीपी बनवून बाहेर पोचवायला सुमारे ४ प्रोटॉन खर्च होतात. म्हणजे २.५ आणि १.५. आता मांडा : १० × २.५ = २५, २ × १.५ = ३, थेट ४. एकूण ३२.

मग ३० कुठून? ग्लायकोलिसिसमधले २ एनएडीएच तंतुकणिकेच्या बाहेर तयार होतात आणि पटल त्यांना आत घेत नाही. त्यांचे इलेक्ट्रॉन शटल करून आत न्यावे लागतात. यकृत, हृदय यांच्या पेशींत जे शटल चालते त्यात नुकसान नाही. दुसऱ्या शटलमध्ये प्रत्येकी १ एटीपी बुडतो. तेव्हा ३०. जुन्या पद्धतीतले ३८ आणि ३६ यांच्यातला फरकही ह्याच शटलचा.

आणि हे कमाल आकडे आहेत. पटलातून थोडी गळती होतेच. या पटलावर साधारण १५० ते १८० मिलिव्होल्टचा दाब असतो. ऐकायला किरकोळ, पण पटल एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ आहे. त्या जाडीला भागलेत तर मीटरमागे दोन-तीन कोटी व्होल्ट होतात. ते गळत नाही असे कोण म्हणेल?

परीक्षेत तुमच्या नेमलेल्या पुस्तकातला आकडा लिहा, पण शेजारी 'एनएडीएच = इतके' हे गृहीत जरूर मांडा.

प्रश्न : तालमीत सुरुवातीची झटापट जोरात होते, मिनिटाभरात दंड-मांड्या भरून येतात. वस्ताद म्हणतात दम वाढव. दुसऱ्या दिवशीचे अंगदुखणे लॅक्टिक ॲसिडमुळे का? आणि वजन उतरवण्यासाठी दोन दिवस भात-भाकरी बंद केली तर चालते का?
(कागल)

वस्तादांचे बरोबर आहे, फक्त दम एक नसतो, तीन असतात.

स्नायूला चालते ते फक्त एटीपी. पण त्याचा साठा दोन-तीन सेकंदांपुरताच. अख्ख्या शरीरात एका वेळी १०० ग्रॅमच्या आसपासच एटीपी असतो, तोच पुन्हा पुन्हा भरून वापरला जातो. इतका की दिवसभराची उलाढाल आपल्या वजनाच्या घरात जाते. पट काढण्यासाठी जी झेप घेता, ती फॉस्फोक्रिएटिनवर. ते एटीपीला ताबडतोब भरून देते, पण दहाएक सेकंदांत आटते. हे फॉस्फोक्रिएटिन १९२७ मध्ये प्रकाशात आणणाऱ्यांत आपले जीवरसायनशास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, सायरस फिस्के यांच्यासोबत, हार्वर्डमध्ये.

मग पाळी ग्लायकोलिसिसची. ऑक्सिजन पोचायची वाट न बघता ग्लुकोज फोडायचे. वेग दांडगा, पण एका ग्लुकोजमागे दोनच एटीपी. पायरुवेट साचून काम अडू नये म्हणून त्याचे लॅक्टेट केले जाते. मांड्या भरून येतात त्या या टप्प्यात. तिसरा दम ऑक्सिजनवरचा. तो संथ, पण न संपणारा.

लॅक्टेटला उगाच बदनाम केले आहे. ते कुस्ती संपल्यावर साधारण तासाभरात रक्तातून ओसरते. हृदय ते इंधन म्हणून जाळते, यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे दुखणे स्नायूंच्या तंतूंना पडलेल्या सूक्ष्म चिरांचे आणि त्यावरच्या सुजेचे. लांबताना जोर लावावा लागतो, उदाहरणार्थ बैठकीत खाली जाताना, तेव्हा ते जास्त होते. मालीश करून 'ॲसिड काढणे' वगैरे काही नसते. मालीशने बरे वाटते, एवढे कारण पुरेसे आहे.

फॉस्फोक्रिएटिन अर्ध्या मिनिटात साधारण निम्मे भरते, पुरते भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात. झेपेची तयारी करायची असेल तर दहा सेकंद पूर्ण ताकद आणि मध्ये दोन-तीन मिनिटे विश्रांती, असे करा. सलग सपाट्या मारत राहिलात तर दुसरा-तिसरा दम वाढेल, झेप नाही.

भात-भाकरी बंद करण्याचे काय होते ते आकड्यांत पाहा. स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅम ग्लायकोजेन (ग्लुकोजचा साठा) असते. प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी बांधलेले असते. साठा रिकामा झाला की काटा दीड-दोन किलो खाली येतो आणि पैलवान खूश. पण उतरली ती चरबी नव्हे, टाकीतले इंधन उतरले. हे वजन कुस्तीच्या दोन दिवस आधी उतरवलेत तर ग्लायकोलिसिसला कच्चा मालच नाही. कुस्तीच्या तीन-चार तास आधी भात किंवा भाकरीचे जेवण असावे. तूप-बदामाची थंडाई त्या वेळी नको, स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतात. ती मेहनतीनंतर प्या.

प्रश्न : मिसळीसाठी मटकी मोड आणायला बांधली. गाठोडे सकाळी हाताला चक्क गरम लागले आणि मधल्या मटकीला आंबूस वास. गरम कशाने झाले?
(गंगावेश)

मटकीच्या श्वासाने. कोरड्या दाण्याचे चयापचय जवळजवळ थांबलेले असते. पाणी शोषले की एन्झाइम कामाला लागतात, पिष्ट फोडून साखर होते (मोडाची मटकी गोडसर लागते ती याने) आणि ती साखर जाळून अंकुर वाढतो. पुस्तकी हिशेबाने ग्लुकोजमधल्या ऊर्जेपैकी सुमारे एक-तृतीयांश एटीपीत जाते. बाकी उष्णता. एका दाण्याची उष्णता कळत नाही, किलोभर मटकी घट्ट बांधली की कळते. ओल्या कडब्याची गंजी आतून तापते, त्यात मुख्य हात बुरशी-जिवाणूंचा, पण उष्णता श्वसनाचीच.

मधल्या मटकीला हवा मिळाली नाही. बाहेरचे दाणे ऑक्सिजन संपवतात, आतले ऑक्सिजनविना ग्लुकोज फोडू लागतात, त्यातून अल्कोहोल होते. ऊब आणि ओल पाहून जिवाणू येतात आणि आंबवतात.

आठ ते दहा तासच भिजवा, पाणी पूर्ण निथळू द्या. एका फडक्यात अर्ध्या किलोच्या वर नको, आणि पुरचुंडी सैल बांधून चाळणीत ठेवा. उन्हाळ्यात दर सहा-आठ तासांनी गार पाण्याने धुऊन परत निथळा. मोड अर्ध्या इंचाचे झाले की फ्रीजमध्ये. आंबूस वास आलेली मटकी कटाच्या तिखटात झाकायचा मोह होतो. टाकून द्या.

प्रश्न : लहानपणापासून कट्ट्यावर धारोष्ण दूध पीत आलो. पन्नाशीनंतर पोट गुडगुडते, दही मात्र चालते. धारोष्ण दुधात पचवणारी एन्झाइम्स असतात ना?
(शिवाजी पेठ)

दुधात एन्झाइम असतात, पण दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवण्याइतके लॅक्टेज नसते. ते आपल्या लहान आतड्याच्या अस्तरात असते आणि बऱ्याच लोकांत वयानुसार घटत जाते. न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात गेले की तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात, त्यातून वायू. दूध उकळल्याने लॅक्टोज कमी होत नाही, त्यामुळे या त्रासापुरते कच्चे आणि उकळलेले सारखेच. दह्यात जिवाणूंनी काही लॅक्टोज आधीच संपवलेले असते आणि त्यांचे स्वतःचे एन्झाइम पोटातही काम करत राहते.

१०० मिलिलिटर दुधात साधारण ५ ग्रॅम लॅक्टोज असते. लॅक्टेज घटलेल्या बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे एक मध्यम पेला, फारसा त्रास न होता सोसते, जेवणासोबत तर अधिकच. कट्ट्यावरचा मोठा ग्लास, वर साय, तोही उपाशीपोटी, हे जमणार नाही. आणि गोठा कितीही स्वच्छ असो, कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षय येऊ शकतात. दूध उकळूनच घ्या. पोटदुखीबरोबर वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर दुधाला दोष देत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनात एन्झाइमचे काम डोळ्यांनी दिसेल असा, कमी खर्चाचा प्रयोग सुचवा.
(राधानगरी, माध्यमिक शाळेतील शिक्षिका)

औषधाच्या दुकानातून ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. चार परीक्षानळ्यांत प्रत्येकी ५ मिलिलिटर घ्या. पहिलीत कच्च्या बटाट्याचा हरभऱ्याएवढा तुकडा टाका. दुसरीत तेवढाच तुकडा, पण दहा मिनिटे उकळून गार केलेला. तिसरीत अर्धा तास लिंबाच्या रसात बुडवून ठेवलेला कच्चा तुकडा. चौथीत तेवढ्याच आकाराचा कच्चा तुकडा, मात्र ठेचून.

पहिलीत बुडबुडे, दुसरीत काहीच नाही, तिसरीत मंद, आणि चौथीत फेस नळीबाहेर येईल, म्हणून खाली ताटली ठेवा. एन्झाइम आहे कॅटलेज. पेशीच्या कामात पेरॉक्साइड हा विषारी पदार्थ तयार होतच असतो, कॅटलेज त्याचे पाणी आणि ऑक्सिजन करून टाकते. ते पेशीत एका वेगळ्या पिशवीत राखलेले असते. ठेचल्याने अनेक पेशी एकदम उघड्या पडतात, म्हणून चौथ्या नळीत एवढी धांदल. मुले बहुधा म्हणतील की बटाटा पेरॉक्साइडला 'शक्ती' देतो. तसे नाही. पेरॉक्साइड आपोआपही फुटतेच, फक्त फार हळू. त्यासाठी जी चढण चढावी लागते ती एन्झाइम कमी करते. पहिल्या नळीतले बुडबुडे थांबल्यावर त्यात ताजे पेरॉक्साइड ओता, तोच तुकडा पुन्हा फेस काढेल. एन्झाइम खर्च झालेले नाही, याचा हा पुरावा.

ऑक्सिजन दाखवायला ज्योत विझवून लाल राहिलेली उदबत्ती चौथ्या नळीच्या तोंडात धरा. निखारा झळाळून उठतो. उदबत्ती फेसाला लागली तर विझते, तेव्हा दोन-तीन हाताशी ठेवा. पेरॉक्साइडची बाटली जुनी आणि उघडी राहिलेली असेल तर कुठल्याच नळीत काही दिसणार नाही. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी नवी आणा, सावलीत ठेवा, आणि मुलांच्या डोळ्यांना चष्मे लावा.